आंधळी कोशिंबीर

मांजराची खेळणी दुकानात विकत मिळतात, ही गोष्ट आमच्या आजीला अजूनही खरी वाटत नाही. माणसाच्या पोरांना खेळणी विकत आणावी लागतात, एवढे तिने कसेबसे मान्य केले आहे. पण मांजराला? "त्याला खेळायला देवानं उंदीर दिलाय की गं," असे ती म्हणते आणि वर ती म्हणही ऐकवते, की मांजराचा खेळ होतो नि उंदराचा जीव जातो. आता या म्हणीत उंदराची बाजू घेतलेली आहे, हे उघड आहे. मांजराची बाजू कोणी मांडलेली नाही. उंदीर समोर असूनही तो दिसलाच नाही, तर मांजराने काय करावे, याविषयी आपल्या म्हणी गप्प आहेत. गेल्या दीड वर्षात आमच्या घरात हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही मिरजेत राहतो. सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर एका जुन्या वाड्यात आमच्या दोन खोल्या आणि पुढे एक लहानसा सोपा आहे. बाबा स्टेशनवर पार्सलच्या कामाला, आई घरी ब्लाउज शिवते, आणि आजी घर चालवते. निदान तिची तशी समजूत आहे. गेल्या वर्षीच्या आदल्या पावसाळ्यात गल्लीतल्या एका कारखान्याच्या मागे, भोपळ्यांच्या ढिगाजवळ मांजरीचे एक पिल्लू भिजत पडलेले होते. त्याचे दोन्ही डोळे चिकटलेले. जनावरांच्या डॉक्टरांनी कोमट पाण्याने ते सोडवले आणि सांगितले, की लहान पिलांना विषाणूमुळे जी सर्दी होते ती डोळ्यांत उतरली आहे. एक डोळा गेलेलाच होता, दुसऱ्यावर पांढरा पडदा आलेला होता. औषधाने जीव वाचला. नजर वाचली नाही.

बाबांनी आपले मत लपवले नाही. मांजर पाळायचे ते उंदरांसाठी, आणि आंधळे मांजर म्हणजे उंदरांना घरजावई करून घेण्यासारखे आहे, असे ते म्हणाले. शेजाऱ्यांनी मंडईत सोडून या असा सल्ला दिला. तिथे मासळीवाल्यांच्या आसऱ्याने जगेल म्हणे. शेवटी बाबा दिवाळीपर्यंतची मुदत देऊन मोकळे झाले. तोवर ते पिल्लू हिंडू-फिरू लागले तर ठीक, नाहीतर पाहू. आजीने तेवढ्यात तिचे नाव ठमी असे ठेवूनही टाकले होते. एकदा नाव ठेवले, की सोडून येणे अवघड होते, हे आजीला पक्के ठाऊक आहे.

पण ठमी हिंडत-फिरत नव्हती. ती बाजेखाली, भिंतीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसायची. बशी नाकाशी नेली तर खायची, उचलून आणले तर थरथरायची, सोडले की भिंतीला घासत पुन्हा कोपऱ्यात. डॉक्टर म्हणाले होते, "हिला दिसणार नाही, पण मांजर म्हणून ती चांगली जगू शकते. घरातले सामान हलवू नका आणि तिला खेळवा." सामान हलवू नका हे सोपे होते, आमच्या दोन खोल्यांत सामान हलवायला जागा कुठे आहे? खेळवा, हे मात्र अवघड निघाले.

मांजराचा खेळ म्हणजे काय, याचा मी तेव्हा पहिल्यांदाच विचार केला. कुत्र्याला माणसाबरोबर खेळायचे असते, मांजराला वस्तूबरोबर. आणि ती वस्तू त्याच्या लेखी खेळणे नसतेच, ती शिकार असते. जॉन ब्रॅडशॉ नावाच्या ब्रिटिश अभ्यासकांनी मांजरांच्या वागण्यावर पुष्कळ वर्षे काम केले. 'कॅट सेन्स' हे त्यांचे पुस्तक 2013 साली निघाले. त्यांचे म्हणणे असे, की मोठे मांजर खेळते तेव्हा ते शिकारच करीत असते. म्हणून भुकेले मांजर जास्त जोमाने खेळते, आणि म्हणूनच काही केल्या न बदलणाऱ्या खेळण्याचा त्याला लवकर कंटाळा येतो. चावून, ओरबाडून ज्याचे काही बिघडत नाही असल्या शिकारीवर दात कशाला झिजवा, असा त्याचा हिशेब असावा. हे वाचल्यावर मला आमच्या शेजारच्या काकूंचा बोका आठवला. त्याच्यासाठी त्यांच्या मुलाने पुण्याहून रबरी उंदीर आणला होता. बोक्याने तो दोन दिवस झोडपला आणि तिसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे पाठ करून तो कागदाच्या बोळ्याशी खेळू लागला. कागदाचा बोळा निदान फाटतो तरी.

तेव्हा मीही कागदापासूनच सुरुवात केली. वर्तमानपत्राचा बोळा करून ठमीच्या पुढ्यात टाकला. तिने कान टवकारले, मान वळवली, एक पंजाही उचलला. तोवर बोळा थांबला होता. पंजा हवेतच राहिला आणि मग सावकाश खाली आला. मी पुन्हा टाकला, पुन्हा तेच. डोळस मांजर थांबलेल्या बोळ्यावर दबा धरून बसते, तो हलण्याची वाट पाहते. ठमीच्या दृष्टीने मात्र जी वस्तू थांबली ती संपली. ती वस्तू जगातून नाहीशीच झाली. शिकार दर खेपेला अशी हवेत विरत असेल, तर कोण खेळेल?

म्हणजे हिचे खेळणे वाजले पाहिजे. यात डोके लढवायला मला मजा वाटू लागली, कारण आमचे घर वाजणाऱ्या वस्तूंनी भरलेले आहे. आईच्या मशीनजवळ रिकामी रिळे होती. औषधाच्या गोळ्यांची प्लॅस्टिकची डबी होती. आजीकडे चिंचोके, रिठ्याच्या बिया आणि लहानपणापासून जपलेले सागरगोटे होते. डबीत चार चिंचोके घालून झाकण चिकटपट्टीने पक्के केले. दुसऱ्या डबीत रिठ्याच्या बिया. माझ्या भरतनाट्यमच्या चाळातले एक घुंगरू काढून बाबांच्या विटलेल्या मोज्यात घातले आणि मोज्याला गाठ मारली. आजीने आपल्या पेटीतून गुंजाही काढून दिल्या होत्या. त्या मात्र मी घेतल्या नाहीत. गुंज दिसायला देखणी, पण तिचे बी भयंकर विषारी असते; डबी फुटली आणि बी दाताखाली फुटले तर मांजराचे काही खरे नाही. कांद्याची वाळलेली सालेही छान खसखसतात, पण कांदाही मांजराला वर्ज्य. त्याने त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. घरातली कोणती वस्तू निरुपद्रवी, ही यादी माणसासाठी वेगळी आणि मांजरासाठी वेगळी असते.

सर्वांत मोठा धोका आमच्या घरात पायाशीच लोळत होता, तो म्हणजे दोरा. मांजर आणि लोकरीचा गुंडा हे चित्र आपण कॅलेंडरवर पाहतो, आणि गोड आहे असे म्हणतो. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी आईचा व्यवसाय विचारून घेतला आणि दोऱ्याविषयी बजावले. मांजराच्या जिभेवर जे काटे असतात ते घशाच्या दिशेने वळलेले असतात. त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकून टाकता येत नाही, तो आतच जातो. एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा पोटात अडकले, की उरलेला दोरा आतड्यांतून पुढे ओढला जातो, आणि नाडी ओढल्यावर परकराला चुण्या पडाव्यात तशा आतड्याला चुण्या पडतात. मग तो दोरा करवतीसारखा आतडे कापतो. हे ऐकल्यापासून आई मशीनवरून उठताना खालची फरशी हाताने चाचपून उठते. दोऱ्याला बांधलेली चिंधी ओढून ठमीला पळवायचे, हा खेळ आम्ही करतो, पण त्यासाठी दोरा नाही, बोटभर रुंद कापडाची पट्टी आणि तीही छत्रीच्या काडीला शिवलेली. आणि खेळ संपला, की ती कपाटात जाते.

असो. माझी वाजणारी खेळणी तयार झाली, आणि ठमीने त्यांतल्या एकाचेही स्वागत केले नाही. घुंगराच्या मोज्याला तर ती भ्यायली आणि दोन दिवस बाजेखालून बाहेर आली नाही. मी अगदी हिरमुसले. आजी सोप्यात बसून हा सगळा प्रकार ऐकत होती. ऐकत होती असे मी मुद्दाम म्हणते. ती म्हणाली, "अगं पोरी, तुझा उंदीर काय वरातीत निघालाय? उंदराचं पाऊल कधी ऐकलंयस का?"

मी अर्थातच ऐकलेले नव्हते. आजीने मला माडीवर साठवलेल्या मक्याच्या कणसांची वाळलेली पाने आणायला लावली. ती तिने बोटांनी उभी चिरली, सैलशी वळली आणि आईकडच्या जुन्या मलमलीच्या तुकड्यात गुंडाळून, तोंडाशी टाके घालून एक लांबट पुरचुंडी केली. सुईत दोरा तिने स्वतः ओवला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिला चष्म्याशिवाय सुई ओवता येते, याचा तिला केवढा अभिमान. मग ती फरशीवर बसली आणि ती पुरचुंडी तिने शहाबादी फरशीवरून नखाएवढी सरकवली. खस्स. थांबली. पुन्हा नखाएवढी. खस्स, खस्स. बाजेखाली दोन कान दिसले. आजी थांबून राहिली. मांजराला ताटकळत ठेवायचे कसब तिला कुठून आले कोण जाणे. मग पुन्हा एकदा, भिंतीकडे, म्हणजे ठमीपासून दूर जाणारी अशी, बारीक खसखस झाली, आणि त्या थरथरणाऱ्या पिलाने आयुष्यातली पहिली झेप घेतली. ती चुकली. वीतभर चुकली, आजीच्या मांडीवर आपटली. पण ती परत कोपऱ्यात गेली नाही. कान फिरवीत तिथेच उभी राहिली.

मांजराचा कान हे एक नवलच आहे. माणसाला फार तर 20 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला सुमारे 85 पर्यंत. उंदीर एकमेकांशी ज्या अतितीव्र आवाजात बोलतात तो आपल्यासाठी शांतता असतो आणि मांजरासाठी आमंत्रण. शिवाय दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना फिरवता येतात, त्यामुळे आवाज कुठून आला हे त्याला फार नेमके कळते. आणि शेवटच्या वीतभर अंतरात डोळस मांजरही डोळ्यांवर विसंबत नाही. नाकाजवळचे त्याला नीट दिसतच नाही. तिथे मिशा पुढे येतात. तेव्हा शिकारीच्या आरंभाला कान आणि अखेरीला मिशा ही मांजराची मूळचीच शिदोरी आहे. ठमीजवळ मधला टप्पा तेवढा नव्हता. आजीच्या पुरचुंडीने तो टप्पा खसखशीने भरून काढला. माझ्या डब्यांत आवाज पुष्कळ होता, पण तो सगळीकडून येत होता. फरशी, भिंती, पितळी डबे सगळे त्याच्याबरोबर वाजायचे. खसखस मात्र जिथे होते तिथेच राहते. तंबोऱ्यांच्या गल्लीशेजारी वाढूनही हे मला आजीकडून कळावे लागले.

इथून पुढे आजी आणि मी असा आमचा जोडधंदाच सुरू झाला. सकाळी माझे तास आणि दुपारी कारखाना. बुटांच्या खोक्याला बाजूंनी पंजा जाईल एवढी भोके पाडली आणि आत सुकटीचे दोन तुकडे टाकले. वासाने जागा कळते आणि पंजाने उकरून काढावे लागते. बाजेच्या एका पायाला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळून नखे घासायची सोय केली, टोके खिळ्यांनी आत ठोकून. नारळाच्या करवंटीखाली खाऊ झाकून ठेवला, तर ती उलटी व्हायला शिकली, म्हणजे ठमी करवंटी उलटी करायला शिकली. श्रावणात आजीने वाड्याच्या पडक्या भिंतीजवळची एक रोपटी उपटून आणवली. तिला खोकली म्हणतात, कोणी कुप्पी म्हणतात. पानांना मांजर विचारत नाही. पण मूळ उघडे पडले, की त्या वासाने पुष्कळ मांजरे वेडी होतात. परदेशी लोक ज्या वनस्पतीची वाळलेली पाने खेळण्यांत भरतात तिचाच हा आमचा गावठी अवतार. मूळ धुऊन मोज्यात बांधले आणि हुंगण्यापुरते दिले. ठमी त्या मोज्यावर अशी लोळली, की बाबा वर्तमानपत्र बाजूला ठेवून पाहत राहिले. बाबांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवणे ही आमच्या घरात नोंद करण्याजोगी घटना असते.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मांजराची नाही. एका दुपारी मी कागदाचा एक बोळा आजीच्या उजव्या गुडघ्याजवळ टाकला. "दे गं इकडे," ती म्हणाली, आणि फरशी चाचपू लागली. बोळा तिच्या गुडघ्यापासून चार बोटांवर होता. तिचा हात त्याच्यावरून दोनदा गेला. मग तिने सबंध मान वळवली, ठमी वळवते तशी, आणि बोळा सापडताच काही झालेच नाही अशा चेहऱ्याने तो उचलला. मी काही बोलले नाही. पण त्यानंतर पाहत राहिले. आजी सुईत दोरा ओवत होती आणि उंबऱ्याला ठेचकाळत होती. समोरची घडी बिनचूक घालत होती आणि बाजूला ठेवलेला तांब्या लवंडत होती. लवंडला, की ज्याने ठेवला त्याला बोलणी बसत.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू असल्याचे सांगितले. या दुखण्याची रीतच अशी, की बाजूचे दिसणे आधी जाते आणि समोरचे सर्वांत शेवटी. माणूस सुई ओवतो आणि स्वतःला डोळस समजतो, घरचेही समजतात. गेलेले परत येत नाही. उरलेले मात्र रोज थेंब घालून राखता येते. आजीला हे सगळे शांतपणे सांगितले गेले, आणि तिने ते शांतपणे ऐकून घेऊन घरी आल्यावर जाहीर केले, की डॉक्टर पोरगेलासा आहे आणि त्याला काही कळत नाही. काठी आणली ती तिने दाराआड उभी करून ठेवली. "मला काय आंधळी ठरवायचीय का तुम्हाला?" असे म्हणाली. त्या वेळी तिचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता.

तिच्याशी या विषयावर बोलणे शक्यच नव्हते. ठमीविषयी मात्र वाटेल तेवढे बोलता येत होते. आणि हळूहळू माझ्या लक्षात येऊ लागले, की आजी ठमीविषयी बोलते तेव्हा ती फक्त ठमीविषयी बोलत नसते. "तिची बशी ठेवताना फरशीवर जरा वाजवून ठेव," ती आईला म्हणायची, "म्हणजे कुठं हाय ते कळतंय." आई बशी वाजवून ठेवू लागली. काही दिवसांनी मी पाहिले, की आई आजीचे ताटही तसेच वाजवून ठेवते, तांब्याही. "मागनं येऊन एकदम उचलू नगंस तिला, दचकतीया. आधी बोल, मग हात लाव." मी आधी बोलून मग हात लावू लागले, दोघींनाही. "वाटेत चपला टाकू नगा, ती धडपडतीया." चपला कोपऱ्यात गेल्या. कोणी कोणाला काही समजावून सांगितले नाही. थेंबांची बाटलीही आजी ठमीच्या औषधाशेजारीच ठेवते आणि सकाळ-संध्याकाळ, आधी तिला नि मग मला, असे म्हणून डोळे वर करते.

दिवाळी दहा-बारा दिवसांवर आली तेव्हा भोपळा आला. आमच्या गल्लीविषयी बाहेरच्यांना थोडे सांगायला हवे. इथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतारी आणि तंबोरे होतात. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याचा भोपळा खायचा नसतो. तो कडू, जाड सालीचा असतो आणि पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. महिनोन्‌महिने वाळवून तो कापतात आणि आतला गर नि बिया खरवडून काढतात. त्या मालात काही खुरटलेले, पेरूएवढेच राहिलेले भोपळेही येतात. ते कशाच्याच कामाचे नसतात. गल्लीतल्या एका वयस्क कारागिरांनी तसला एक माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "मांजर आमच्या भोपळ्यांत सापडलं म्हणता ना, मग हा तिचा वाटा."

भोपळा वजनाला अगदी हलका. आत बिया सुटून खुळखुळत होत्या, पण साल जाड असल्यामुळे आवाज दबका, पावसाच्या थेंबांसारखा. एका टोकाला तो फुगीर होता आणि दुसऱ्याला निमुळता. मी तो फरशीवर ढकलला आणि तो सरळ गेलाच नाही. मोठे वळण घेऊन, पुरा फेरा करून तो माझ्या पायाशी परत आला. यात जादू नाही. स्टीलचा पेला आडवा करून ढकलून पाहा: रुंद तोंड जास्त अंतर कापते, बुड कमी, म्हणून पेला वर्तुळात फिरतो. भोपळ्याचेही तेच. पण ठमीच्या बाबतीत या साध्या भूमितीने कमाल केली. तिची शिकार पहिल्यांदाच पळून जाऊन परत येत होती! पंजा मारला की खुळखुळत निघायची, फेरी मारून मिशांशी यायची, आणि थांबल्यावरही आतल्या बिया क्षणभर खाली बसत राहायच्या, जणू धाप लागली आहे. त्या क्षणभरात ठमीला झेप घेता यायची. तिसऱ्या दिवशी झेप नेमकी पडली. चारही पायांनी भोपळा कवटाळून ती आडवी झाली आणि मागच्या पायांनी त्याला लाथा झाडू लागली. आजी टाळ्या वाजवून हसली. "धरला गं! धरला!" तिने तो प्रकार पाहिला नव्हता. आवाज कुठे थांबला, यावरून तिने ओळखले होते.

भोपळ्याचा कंटाळा येऊ नये म्हणून आजी तो दुपारी कोनाड्यात ठेवते आणि रात्री जेवणाआधी काढते. रोज पुरणपोळी केली, तर पुरणपोळीचे काय राहिले, असे ती म्हणते. ब्रॅडशॉसाहेबांना हे सांगायला शेकडो मांजरांपुढे बसावे लागले असेल.

दिवाळी आली आणि गेली. मुदतीचा विषय कोणी काढला नाही. फटाक्यांच्या चार दिवसांत ठमी पुन्हा बाजेखाली गेली, एवढेच. पण पाडव्याच्या रात्री बाबा पाळी संपवून उशिरा आले, तेव्हा त्यांनी दारातच थांबून डब्याने चौकटीवर दोनदा टकटक केले. पूर्वी ते तसे कधी करीत नसत. ठमी बाजेखालून निघाली, भिंतीला अंग न लावता, खोलीच्या मधून सरळ चालत त्यांच्या पायाशी गेली. "रात्री अंधारात पाय पडायला नको हिच्यावर," बाबा कोणाकडेही न बघता म्हणाले. तेव्हापासून ते रोज टकटक करतात. उंदराचे म्हणाल, तर ठमीने अजून उंदीर धरलेला नाही. दोन झुरळे आणि एक पाल, एवढीच तिची कमाई. पाल तिने बाबांच्या उशीवर आणून ठेवली, आणि बाबांनी त्याबद्दल कोणाकडे तक्रार केल्याचे मी ऐकले नाही.

गेल्या महिन्यात तो भोपळा फुटला. ठमीने तो सोप्याच्या पायरीवरून खाली लोटला आणि त्याचे दोन तुकडे झाले. बिया अंगणात पांगल्या. आजी म्हणाली, "चल, दुसरा आणू." मी म्हटले, मीच घेऊन येते. "तुला काय कळतंय त्यातलं?" असे म्हणून तिने पदर खोचला, दाराआडची काठी घेतली आणि दुसऱ्या हाताने माझा दंड धरला. आम्ही गल्लीत गेलो. नवा माल आलेला होता. कारागिरांनी तिला बसायला पाट दिला आणि खुरटलेल्या भोपळ्यांची टोपली पुढ्यात ठेवली. गल्लीत कुठेतरी कोणी तारा जुळवत होते, एकच स्वर पुन्हा पुन्हा. तो थांबेपर्यंत आजी हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

मग तिने एकेक भोपळा उचलला, कानाशी नेऊन हलवला आणि खाली ठेवला. एकात बिया फार झाल्या होत्या. एकाची साल पातळ, तो कर्कश बोलत होता. एक मुकाच होता. कारागीर हातातले काम टाकून तिच्याकडे पाहत होते. सातवा तिने बराच वेळ हलवला, थांबली, पुन्हा हलवला आणि माझ्या हातात दिला.

"ह्यो घे," ती म्हणाली. "ह्यात चार बिया मोकळ्या हायत आणि एक चिकटलेली हाय. ती सुटली म्हंजे आवाज पालटंल."